बूट त्यांचा, अंगठा आमचा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या अकरावीतल्या भाचीने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी तीन दुपारींत संपवली आणि माझ्या पुढ्यात आदळली. "मामा, वाच. आणि मग सांग, आपल्याकडे असं का नाही." मी वाचली. नंतर तिला जे उत्तर दिलं ते इतकं पुचाट होतं की त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहितो आहे. मी म्हणालो, "आपल्याकडे वाचकच नाही गं." शहाद्याच्या मे महिन्यात, लाइट गेलेल्या घरात, ओला पंचा मानेवर टाकून चारशेच्या आसपास पानं फस्त केलेली वाचक समोर उभी होती, आणि मी तिलाच ती अस्तित्वात नसल्याचं सांगत होतो. मराठी प्रकाशक, समीक्षक आणि संमेलनातले वक्ते हे काम वर्षानुवर्षं करतात. त्यांची निदान सवय तरी झालेली असते. मला लाज वाटली.

कादंबरी मारिसा मेयर या अमेरिकन बाईंची, नाव 'सिंडर'. जानेवारी २०१२मध्ये ती बाजारात आली आणि पुढे २०१५पर्यंत त्याच मालिकेत लाल टोपडेवाली, लांब केसांची रॅपन्झेल आणि हिमगौरी यांच्या कादंबऱ्या आल्या. इथली सिंड्रेला नव्या बीजिंगच्या बाजारात गाळा मांडून यंत्रं दुरुस्त करते. ती अर्धी माणूस, अर्धी यंत्र. एक हात आणि एक पाय धातूचा. सावत्र आई तिच्या कमाईवर जगते आणि तिलाच अपशकुनी म्हणते. शहरात साथ पसरलेली. राजपुत्र आपला बिघडलेला यंत्रमानव घेऊन तिच्या गाळ्यावर येतो, आणि पुढे व्हायचं ते होतं. सुरुवातीलाच ही पोरगी लहान पडणारा जुना पाय स्क्रू काढून वेगळा करत असते, आणि राजवाड्याच्या नाचाच्या रात्री पायऱ्यांवर तिच्या पायातून बूट निसटत नाही, अख्खा पायच निसटतो.

ही कल्पना भारी आहे, आणि ती भारी का आहे हे समजून घेतल्याशिवाय 'पाश्चात्त्यांचे चोचले' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तोंड उघडू नये. सिंड्रेलाची गोष्ट जुनी आहे. नवव्या शतकात चीनमध्ये दुआन चंगशी याने येशियन नावाच्या मुलीची गोष्ट लिहून ठेवली, तिच्यात सोन्याचा जोडा आहे. फ्रान्सच्या पेरॉने १६९७मध्ये काचेचा बूट घातला. ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पुस्तकात तर सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून एक अंगठा छाटते, दुसरी टाच, आणि बूट रक्ताने भरतो. हजार वर्षं गोष्ट एकच सांगते: बूट राजवाड्याच्या हातात आहे, पाय तुम्ही आणायचा. बसला तर तुम्ही तुम्ही, नाही बसला तर तुम्ही कुणीच नाही. मेयरबाईंनी बूट काढून टाकला आणि पायच मागे ठेवला. आता परीक्षा वस्तूची उरली नाही, अंगाचीच झाली. परीकथा नव्याने सांगायची म्हणजे एवढी खाज हवी. बाकी वेशभूषा आहे.

भाचीला मात्र या कादंबरीतलं वेगळंच काही डाचत होतं. त्या जगात प्रत्येकाच्या मनगटात ओळखीची चिप असते, आणि साथीत माणूस मेला की यंत्रं येऊन ती चिप प्रेतातून कापून काढतात. "मामा, भविष्यात खरंच असं झालं तर?" तिने विचारलं. फिजिक्सचा मास्तर असूनही मी हसलो. तिला म्हटलं, बाई गं, भविष्य आपल्या तालुक्यात येऊन, भाषण करून, परत गेलंसुद्धा.

२९ सप्टेंबर २०१०. शहादा तालुक्यातलं टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातला पहिला आधार क्रमांक याच गावातल्या एका बाईला देण्यात आला. दहा बोटं, दोन डोळे, बारा आकडे. मेयरबाईंचं पुस्तक दुकानात यायला अजून सव्वा वर्ष अवकाश होता. त्या बाईचं नाव देशभर छापून आलं आणि अजूनही अधूनमधून छापून येतं. पत्रकार गाड्या करून येतात, कार्ड हातात धरायला लावून फोटो काढतात, आणि ती अजून मजुरीच करते अशी करुण ओळ शेवटी टाकून निघून जातात. मी तिचं नाव इथे लिहिणार नाही. त्या नावावर पुष्कळांनी आपापली पंगत उठवली आहे.

आता हाच प्रसंग परीकथेच्या भाषेत सांगून बघा. राजवाड्याची माणसं गावोगाव फिरतात. त्यांच्याकडे एक मोजमाप आहे. ती सगळ्यांत दूरच्या गावात जातात, सगळ्यांत साध्या बाईला पुढे बोलावतात, तिचं अंग त्या मापाला लावतात, आणि सगळ्या राज्याला ओरडून सांगतात की हीच ती. सिंड्रेला आणखी वेगळी काय असते? जगातल्या सर्वांत मोठ्या अंगओळखीच्या योजनेचा पहिला बूट शहादा तालुक्यात बसवून पाहिला गेला. आणि यावर किशोरांसाठी एक बरी मराठी कादंबरी लिहावी असं आमच्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्या शहाण्यांत मीही आहे.

या बुटाची दुसरी बाजू मी दर महिन्याला पाहतो. माझी आई बहात्तर वर्षांची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला, मिरची खुडली, आणि आमच्या भागात पपईच्या बागा वाढल्या तेव्हा पपई काढायला गेली. ज्यांनी पपई फक्त फ्रूटडिशमध्ये पाहिली आहे त्यांना सांगतो, कच्च्या पपईचा चीक कातडी खातो. रेशन दुकानातलं मशीन आईचा अंगठा घेत नाही. तिथला पोरगा चांगला आहे, तो म्हणतो, "आजी, केसांवरून फिरवा जरा." आई अंगठा डोक्यावरून फिरवते, पदराला पुसते, पुन्हा ठेवते. मग तर्जनी. मग डावा हात. मागे रांग चुळबुळते. ओटीपीचा मार्ग आहे, हे मला कुणी शिकवू नये. तो ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो आणि मोबाइल माझ्याबरोबर वर्गात असतो. मग मी तास सोडून व्हरांड्यात येऊन आईला सहा आकडे ओरडून सांगतो, आणि तेव्हा कुठे सरकारला पटतं की ही बाई ती बाईच आहे.

इथे युरोपची गोष्ट अडखळते आणि आमची सुरू होते. पेरॉची सिंड्रेला राखेत बसते, भांडी घासते, जिने पुसते, पण तिचा पाय काही बदलत नाही. राबणुकीचा पुराव्यावर परिणाम होत नाही. काचेच्या बुटात तो नाजूक पाय ऐटीत जातो. आमच्याकडे जे काम बाईला सिंड्रेला करतं, तेच काम तिची ओळख खरवडून काढतं. तिला राबवणारा आणि तिला ओळखायला आलेला, दोघे मिळून एकच प्रश्न विचारतात: तुझ्या बोटांवरच्या रेषा कुठे गेल्या? या एका वाक्यात विज्ञानकथा आहे, परीकथा आहे आणि सूड उगवायला पुरेसं कथानक आहे. ते नव्या बीजिंगला जाऊन शोधायची गरज नाही, इथे शहाद्यात प्रकाशा रोडवर पडलेलं आहे.

अंगठ्याचा आमचा इतिहास तर आधारच्याही फार मागचा आहे. १८५८मध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालात एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला, पुढे त्याने करार नाकारू नये म्हणून. बोटांच्या ठशांची आधुनिक कहाणी तिथून सांगतात. म्हणजे सुरुवातच अविश्वासाची. इकडे शहाद्यात भिलांच्या जमिनी ज्या कागदांनी सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या, त्या कागदांच्या तळाशी अंगठेच होते. १९७२च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेची पोरं उभी राहिली ती या जमिनींसाठी. पुढे १९७४चा आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. इथे एकलव्याचं नाव घेऊन टाळ्या मिळवणं फार सोपं आहे, म्हणून मी ते टाळतो. एवढंच म्हणतो की ज्या तालुक्यात अंगठा दिला म्हणून जमीन गेली, त्याच तालुक्यात पुढे अंगठा उठत नाही म्हणून धान्य अडलं. हे ज्याला दिसतं पण लिहावंसं वाटत नाही, त्याने स्वतःला लेखक म्हणवून घेऊ नये.

आता मराठी विज्ञानकथेबद्दल. जयंत नारळीकरांना मी दोष देणार नाही. १९७४मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. जगभर ओळख असलेल्या माणसाने ओळख लपवली, का तर कथेची परीक्षा कथा म्हणून व्हावी. पहिलं बक्षीस मिळालं. हा प्रसंगही एका परीने सिंड्रेलाचाच आहे, फक्त इथे बूट घालणाऱ्याला बूट कसा असतो हे ठाऊक होतं. पण त्यांच्या मागून आलेल्या बऱ्याच जणांनी काय केलं? प्रोफेसर. प्रयोगशाळा. रात्री अकराला वाजणारा फोन. शेवटच्या पानावर प्रोफेसरांनी मित्राला केलेला खुलासा. स्त्रीपात्र म्हणून वहिनी, त्या चहा आणून देतात आणि "तुमचं आपलं काहीतरीच" म्हणतात. अपवाद आहेत, त्यांची मला कदर आहे. पण अपवादांनी अकरावीतल्या मुलीचं कपाट भरत नाही. सोळाव्या वर्षी जिच्या पोटात फुलपाखरं उडताहेत तिला तुम्ही प्रकाशवर्षाची व्याख्या समजावून देता, आणि ती इंग्रजी पुस्तकाकडे पळाली की मातृभाषेच्या नावाने गळा काढता.

मुळात त्या वयाचं कपाटच आपल्याकडे नाही. बालभारतीने १९७१मध्ये 'किशोर' मासिक सुरू केलं, ते आजही चालू आहे आणि त्यावर आमची पिढी वाढली. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि पुण्याजवळच्या फुरसुंगीसारख्या गावातला एक हडकुळा पोरगा असा उभा केला की गावाचं नाव घराघरात गेलं. चौदाव्या वर्षापर्यंत मराठी मूल जिवंत असतं. मग प्रकाशकांच्या लेखी ते मरतं, आणि थेट एकविसाव्या वर्षी स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाची किंमत विचारायला पुन्हा जिवंत होऊन येतं. शहाद्याच्या कुठल्याही अभ्यासिकेत जाऊन बघा. रात्री दहापर्यंत खुर्च्या भरलेल्या. वाचणारी पोरं नाहीत म्हणे! ती दिवसाला आठ तास वाचतात. त्यांच्यासाठी आपण फक्त पर्यायी उत्तरांचं साहित्य निर्माण केलं आहे.

आणि प्रेम? किशोरांसाठी प्रेमकथा म्हटलं की पालक-शिक्षक सभेत दरवाजे लावून घेतले जातात. आम्हा सातपुड्याकडच्या लोकांकडून मात्र शहरांना प्रेम हवं असतं, दरवर्षी होळीच्या आधी. भोंगऱ्या बाजार आला की कॅमेरे येतात आणि 'आदिवासींचा व्हॅलेंटाइन' असे मथळे पडतात. तो होळीचा बाजार आहे, आम्ही तिथे डाळ्या, गूळ, कपडे घ्यायला जातो, असं समाजातली माणसं घसा फोडून सांगतात, त्याला कोण विचारतो. म्हणजे आमचं प्रेम परंपरा म्हणून चालतं, प्रदर्शनाला चालतं. पण धडगावहून शहाद्याला वसतिगृहात शिकायला आलेली पावरा मुलगी, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा मुलगा, त्यांच्यातला संकोच, त्यांच्या चार भाषा, एस.टी.च्या शेवटच्या गाडीची धास्ती, हे कुणाला नको. त्यात गंमत नाही, कारण त्यात माणसं आहेत.

कुणी उत्साही संपादक हे वाचून लगेच कामाला लागेल याची मला भीती आहे. बुटाऐवजी पैंजण, राजपुत्राऐवजी हिंजवडीतला इंजिनिअर, सावत्र आईऐवजी सावत्र आईच, आणि मुखपृष्ठावर नऊवारीतला रोबो. कृपा करा. मेयरबाईंनी सिंड्रेलाला नव्या बीजिंगमध्ये नेलं म्हणून ती कादंबरी उभी राहिलेली नाही. बूट कुणाच्या हातात आहे, या प्रश्नाला त्यांनी हात घातला म्हणून उभी राहिली.

तो प्रश्न आमच्या आज्यांनी केव्हाच विचारून ठेवला आहे. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी आठवा. आवडत्या सुना आणि एक नावडती. तिला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गोठ्यात राहायला. तीच आपली सिंड्रेला. रानात नागकन्या आणि देवकन्या भेटतात, ती वसा घेते. मग घरची मंडळी तिचा देव बघायला मागोमाग रानात जातात, तिच्यासाठी देऊळ सोन्याचं होतं, रत्नजडित खांब उभे राहतात. सासरा आत जातो, खुंटीला पागोटं अडकवतो आणि तळं बघायला बाहेर पडतो. देऊळ नाहीसं होतं. पागोटं आत राहतं. ते घ्यायला सासरा परत येतो तो काय, लहानसं देऊळ, साधी पिंडी, आणि खुंटीवर त्याचं पागोटं.

नीट बघा काय झालं. साऱ्या जगाच्या सिंड्रेला आपला बूट मागे टाकून पळतात आणि पुरुष तो घेऊन त्यांना तपासत फिरतो. आमच्या कहाणीत बाईचं काहीच मागे राहत नाही. मागे राहतं ते सासऱ्याचं पागोटं. परत यावं लागतं त्याला. ओळख पटवायची पाळी त्याच्यावर येते. आणि तो पाहतो की वैभव त्याचं नव्हतंच, त्या गोठ्यात टाकलेल्या बाईचं होतं. पेरॉच्या काचेच्या बुटाला भारी पडेल अशी ही युक्ती दर श्रावणात पाटावर बसून आम्ही ऐकतो, तांदळाची मूठ वाहतो आणि जेवायला उठतो. वसा पाळला, अर्थ सांडला.

मेयरबाईंनाही मी सोडणार नाही. इतकी धारदार कादंबरी, आणि अखेरीस ती मेकॅनिक पोरगी निघते कोण? चंद्रावरची हरवलेली राजकन्या! झालं. ग्रीस लागलेल्या हातांची, स्वतःचा पाय स्वतः बसवणारी मुलगी पुरेशी नव्हती, तिच्या अंगात राजरक्त सापडायलाच हवं होतं. भाचीला तो धक्का आवडला. मला तिथे दगा झाल्यासारखं वाटलं. लोखंडाचा पाय लावला, चिप बसवली, चंद्रावर राज्य वसवलं, पण साध्या मुलीची किंमत तिच्या कामाने ठरते एवढं मानायचं धाडस इतक्या दूरच्या भविष्यातल्या कल्पनेलाही झालं नाही, तर विज्ञानाने नेमकं केलं काय?

आमच्या तालुक्याने ते धाडस करून दाखवलं आहे. १९७२-७३च्या त्याच लढ्यात भिल बायका टोळ्या करून गावोगाव फिरल्या, दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. त्यांच्यातली एकही राजकन्या निघाली नाही. कुणी चंद्रावरून आली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा शेतावर गेल्या. मला या बायकांची नात कादंबरीत हवी आहे. तिने बिघडलेली मशीनं उघडावीत, तिचं एखाद्यावर वेड्यासारखं प्रेम बसावं, आणि कुणीतरी बूट घेऊन दारात आला की तिने आधी त्याचं पागोटं तपासावं.

लेख इथवर लिहून झाला तेव्हा भाची आजीजवळ बसून तिला 'सिंडर'ची गोष्ट सांगत होती, अर्धी मराठीत, अर्धी अहिराणीत. आई मेथी निवडत ऐकत होती. यंत्रमानव तिला फारसे खटकले नाहीत, चंद्रावरची राणीही चालून गेली. राजवाड्याच्या पायऱ्यांवर पाय निसटतो इथे भाचीने आवाज खाली आणला आणि थांबली. आईने मेथीची काडी बाजूला ठेवली.

"मंग ती घर कशी गई?"

भाची गडबडली. हजार वर्षांत राजपुत्राच्या हातातल्या बुटाकडे सगळ्यांनी पाहिलं, एका पायावर उरलेल्या पोरीकडे आईने पाहिलं. "नाही गं आजी, घरी नाही गेली. तिला पकडलं. तुरुंगात टाकलं."

आईने मान हलवली आणि चीक खाल्लेल्या, गुळगुळीत अंगठ्याने पुन्हा मेथीची पानं खुडायला लागली.

"हां. मंग खरी शे ती गोट."